पोलिसांचा कॅमेरा बंद होता, असे उत्तर आल्यास अर्ज कसा करावा

पोलिसांच्या गणवेशावर लावलेल्या बॉडी कॅमेऱ्याचे चित्रीकरण माहिती अधिकारात मागून हात हलवत परतलेले अर्जदार माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात ‘असे चित्रीकरण उपलब्ध नाही’ एवढ्या एका ओळीचे उत्तर असते. त्यामागे दरवेळी लपवाछपवी असतेच असे नाही. पुष्कळदा अर्जातला शब्दच चुकलेला असतो.

बॉडी कॅमेरा कधी सुरू ठेवावा आणि कधी बंद करावा, हे ठरवणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही; त्यामुळे हा निर्णय वरिष्ठांच्या आदेशांवर आणि बऱ्याच अंशी जागेवरच्या अधिकाऱ्यावर राहतो. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावेच लागते आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. याउलट कलम १८० खाली साक्षीदाराचा जबाब चित्रित करणे ऐच्छिक आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई असल्याने तेथे अधिकाऱ्याने कॅमेरा बंद ठेवला, तर त्यात वावगे मानू नये.

खरी मेख पुढे आहे. कलम १०५ मुद्रणाची सक्ती करते, बॉडी कॅमेऱ्याची नाही. मुद्रण शक्यतो मोबाइलवर करावे, असे ते कलमच सांगते. म्हणून अर्जात ‘बॉडी कॅमेऱ्याचे चित्रीकरण’ एवढेच लिहिले आणि झडती मोबाइलवर चित्रित झाली असेल, तर नकारार्थी उत्तर अक्षरशः खरे ठरते. त्याऐवजी ‘अमुक तारखेस, अमुक वेळेत, अमुक ठिकाणी घेतलेल्या झडतीचे कोणत्याही उपकरणावरील ध्वनिचित्रमुद्रण’ असे लिहावे. ‘कॅमेरा बंद का ठेवला?’ असा प्रश्नही विचारू नये, कारण माहिती अधिकारात अभिलेख मिळतो, खुलासा मिळत नाही. त्या वेळेची स्टेशन डायरीतील (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतील) नोंद आणि कॅमेरा वापराबाबतच्या आदेशाची प्रत मागावी.

अर्ज कोणत्याही भारतीय नागरिकाला करता येतो व कारण द्यावे लागत नाही. जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा ठरलेला नमुना भरून १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास पुरावा जोडल्यास शुल्क माफ आहे.

परभणी जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने मला चार पानांचा अर्ज दाखवला होता. मुलाला ठाण्यात नेल्यापासूनची सगळी हकिगत त्यात होती, घड्यांवर कागद फाटायला आला होता, आणि नेमकी मागणी चौथ्या पानाच्या तळाशी होती. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. दुःख सांगायला आलेल्या माणसाचे शब्द मोजणारा हा नियम मला आजही बोचतो, पण तो पाळल्यावाचून गत्यंतर नाही.

ठाण्यातील प्रसंग असेल तर सीसीटीव्हीचे चित्रीकरण वेगळ्या अर्जाने मागावे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात ते १८ महिने, आणि तेवढा काळ साठवणारी यंत्रणा नसल्यास किमान १ वर्ष जपण्याचे निर्देश दिले आहेत. तरीही घटना घडताच ‘चित्रीकरण नष्ट करू नये’ असे लेखी पत्र ठाण्यात देऊन शिक्क्याची पोहोच घ्यावी.

‘तपास सुरू आहे’ एवढ्या कारणाने दिलेला नकार मान्य करू नये. चित्रीकरण दिल्याने तपासाला नेमका अडथळा कसा येईल, हे दाखवण्याची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर असते. न्यायालयात खटला चालू असल्यास वकिलामार्फत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली चित्रीकरण मागवण्याचा अर्जही करता येतो.

सर्वाधिक लोक मुदतीत अडकतात. उत्तर आले नाही म्हणून ते वाट पाहत बसतात, पण अर्ज पोहोचल्यापासून ३० दिवस उलटताच अपिलाची मुदत सुरू झालेली असते. तेथून ३० दिवसांत, आणि उत्तर आले असल्यास ते मिळाल्यापासून ३० दिवसांत, २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील करावे. त्यानंतरचे दुसरे अपील ९० दिवसांत, मराठवाड्यातील अर्जदारांसाठी राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे जाते. तेथे मूळ अर्जाची पोहोच जोडावी लागते, म्हणून ती पहिल्या दिवसापासून सांभाळून ठेवावी.