वॉशिंग्टनच्या रस्त्यांतला गायब ‘जे’

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, आय स्ट्रीट आहे, के स्ट्रीट आहे. मधली जे स्ट्रीट मात्र नाही. यावर पर्यटकांना एक गोष्ट हमखास ऐकवतात. शहराचा आराखडा काढणाऱ्या पिएर लांफाँ याचं पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांच्याशी वाकडं होतं, म्हणून त्यानं ते अक्षरच गाळलं म्हणे! गोष्ट चटकदार आहे, पण खोटी आहे. रस्त्यांना एका दिशेनं आकडे आणि दुसऱ्या दिशेनं अक्षरं द्यायची, हे १७९१ साली ठरवलं ते शहराच्या आयुक्तांनी. आणि त्या काळच्या लिखाणात आय आणि जे ही अक्षरं इतकी सारखी दिसत, की दोन्ही ठेवली असती तर पत्ते वाचताना घोळ झाला असता. आय स्ट्रीटचा त्रास अजून संपलेला नाही. आकडा १ समजू नये म्हणून तिचं नाव कित्येकदा ‘डोळा’ या अर्थाच्या इंग्रजी स्पेलिंगनं लिहितात.

मला मात्र त्या गाळलेल्या अक्षरापेक्षा त्यामागची व्यवस्था जास्त मोहवते. शाळेतला आलेख कागद आठवा. कॅपिटॉल, म्हणजे तिथलं संसद भवन, हा आरंभबिंदू. तिथून पूर्वेला किंवा पश्चिमेला निघालात की पहिली, दुसरी, तिसरी स्ट्रीट आडवी येत जाते. उत्तरेला किंवा दक्षिणेला निघालात की अक्षरं लागतात. चार दिशांचे चार चरण पडतात, आणि तेच आकडे, तीच अक्षरं चारही चरणांत पुन्हा येतात. म्हणून पत्त्याच्या शेवटी वायव्य, ईशान्य, आग्नेय की नैऋत्य ते लिहावंच लागतं. आलेखातली धन-ऋण चिन्हंच ती! चिन्ह विसरलात, तर अगदी बरोबर नावाच्या चौकात पोचूनही शहराच्या भलत्याच टोकाला उभे राहाल.

आता अक्षरं संपल्यावर काय? जे, एक्स, वाय, झेड वगळून ए ते डब्ल्यू ही बावीस अक्षरं. शहर त्यापुढे उत्तरेला वाढलं, तेव्हा फार सुंदर युक्ती केली गेली. दुसऱ्या फेरीत पुन्हा वर्णानुक्रम, पण नावं उच्चारात दोन ठोक्यांची. टाळी वाजवत म्हणून पाहा: गि-रार्ड, हार-वर्ड, अर-विंग, केन-यन, ला-माँट. (अरविंगचं इंग्रजी स्पेलिंग ‘आय’नं सुरू होतं.) ती फेरी वेबस्टरपाशी संपते आणि तीन ठोक्यांची तिसरी सुरू होते: ॲ-लि-सन, ब्यु-कॅ-नन, क्रि-टन-डन, डि-के-टर. त्याहीपुढे झाडाफुलांची नावं लागतात.

म्हणजे रस्त्याचं नाव ही दोन अंकी संख्याच झाली. ठोके किती, हा दशकाच्या जागचा अंक. आद्याक्षर हा एककाच्या जागचा. फक्त इथे दहाऐवजी बावीस झाले की हातचा एक जातो. अरविंग स्ट्रीट घ्या. दोन ठोके, म्हणजे एक फेरी पूर्ण झाली, बावीस. जे गाळलेलं असलं तरी आय नववंच अक्षर. बावीस अधिक नऊ, एकतीस. आणि चौदाव्या स्ट्रीटवर अरविंगच्या कोपऱ्याला घरक्रमांक खरोखरच ३१०० पासून सुरू होतो! कारण दर चौकाला घरक्रमांकाचं शतक बदलतं. लामाँट? बावीस अधिक अकरा, तेहेतीस. ते अकरा येतात जे मोजायचा नाही म्हणून. पहिल्या फेरीतही तसंच: पंधराव्या स्ट्रीटवर ११५० क्रमांक हवा असेल तर अकरावं अक्षर एल, म्हणजे एल आणि एम यांच्या मधे. नकाशा न उघडता आपण कुठे आहोत आणि अजून किती चौक चालायचंय हे केवळ पाटी वाचून कळतं. तिसऱ्या फेरीत मात्र जेफरसन स्ट्रीट आहे, तेव्हा तिच्यापुढे मोजताना जे धरायचा.

पूर्व-पश्चिम रस्त्यांवर घरक्रमांकाचं शतक आकडी रस्त्यावरून येतं. पेन्सिल्वेनिया ॲव्हेन्यूवरचं १६०० क्रमांकाचं व्हाइट हाउस सोळाव्या स्ट्रीटच्या रेषेत आहे, ते यामुळेच.

राज्यांची नावं असलेले तिरके ॲव्हेन्यू या जाळ्याला कापत जातात आणि नवख्याचा गोंधळ तिथेच होतो. या तिरक्या रेषांत कुणाला गुप्त संघटनेचा पंचकोनी तारा दिसतो, आणि तसे नकाशे उत्साहानं पुढे पाठवले जातात. तो तारा पुरा होतच नाही. त्याची एक बाजू जिच्यावर धरतात ती ऱ्होड आयलंड ॲव्हेन्यू कनेटिकट ॲव्हेन्यूपाशीच संपते, पुढचं टोक कल्पनेनं जोडावं लागतं. हव्या त्या रेषा घेतल्या आणि नको त्या सोडल्या, तर कुठल्याही शहरात तारा काढता येईल.

आपल्या पुण्यातल्या पेठांच्या नावांनाही क्रम आहे: सोमवार, मंगळवार, बुधवार. पण तो क्रम जमिनीवर उतरलेला नाही, त्यामुळे बुधवारातून निघून गुरुवार किती लांब हे वारांवरून काढता येत नाही. मुंबईत खेतवाडीच्या क्रमांकांच्या गल्ल्यांत ते साधतं, पण एकाच दिशेनं.

वॉशिंग्टनला गेलात तर भारतीय दूतावासाचा पत्ता आहे मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यू, २१०७, वायव्य. हा ॲव्हेन्यू तिरका असला तरी त्याचे क्रमांक आकडी रस्त्यांवरूनच चालतात. एकविसावी स्ट्रीट ओलांडा, बाविसावी लागायच्या आत समोर गांधीजींचा पुतळा दिसेल.