इंजिन हवा कुठून खातं?

चोपड्याकडच्या एका खळ्यातून येझदी मोटरसायकलचं इंजिन उचललं, तेव्हा ते तिसऱ्या किकला सुरू झालं होतं. धुळ्याला गॅरेजात फ्रेमवर चढवल्यावर त्याने रंग दाखवले. अॅक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येईना, दहा मिनिटांत ब्लॉक तापे आणि प्लग काढावा तर टोक खडूसारखं पांढरं. मी तीनदा कार्बोरेटर धुतला. चौथ्या वेळी मिस्त्रींनी पाना हातातून काढून घेतला. "भाऊ, इंजन कठून तरी हवा खास!"

पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. पेट्रोल पुरतं जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते. इथेनॉलला 9 पट पुरते, त्यामुळे हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुनी गाडी तशीही जरा उपाशीच पळते. पण एवढी?

येझदीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची क्रँकची पेटी हा पंपच असतो. पिस्टन वर गेला की पेटीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि कार्बोरेटरमधून मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच दाबलं जाऊन वरच्या खोलीत शिरतं. 3000 आरपीएमला हे सेकंदाला 50 वेळा. या पेटीतून क्रँकची दोन टोकं बाहेर येतात आणि त्यांच्याभोवती पेटी हवाबंद ठेवणारी रबराची ऑइल सील असतात. म्हैसूरला येझदी बनायची थांबली 1996 मध्ये. तेव्हापासूनचं रबर खळ्यात पडून लाकडासारखं झालं, तर नवल नाही.

कोणत्या बाजूचं सील गेलं हेही लक्षणांवरून कळतं. डावीकडे प्रायमरी चेन, म्हणजे क्रँकवरून क्लच फिरवणारी, तेलात फिरते. तिकडचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, सायलेन्सर पांढऱ्या धुराचे लोट सोडतात आणि तेलाची पातळी गुपचूप उतरते. उजवीकडे, डायनॅमोच्या मागे, ओढली जाते कोरडी हवा. हे जास्त वाईट. या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण घटलं की तेलाचंही घटतं. त्यात अॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जवळपास दुप्पट फुगतो. मग तो बोअरमध्ये जाम होतो.

आमच्याकडे धूर नव्हता. तरी मिस्त्रींना पुरावा हवा होता. त्यांनी कपाटातून पाऱ्याचं जुनं बीपी मशीन काढलं. येझदीच्या एकाच सिलिंडरला धुराची दोन तोंडं. दोन्हींत जुन्या ट्यूबचं रबर ठोसलं, कार्बोरेटरच्या जागी रबर आणि पत्रा आवळला. फोडलेल्या प्लगच्या कवचातून नळी आत घेतली. पिस्टन अगदी तळाला आणला, म्हणजे वरची-खालची जागा एक होते. मग फुगा दाबत पारा 250 पर्यंत चढवला, वातावरणाच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश. अर्ध्या मिनिटात तो 100 वर. डायनॅमो काढून क्रँकभोवती साबणाचं पाणी ब्रशने लावलं. फेस फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

दोन्ही सील बदलल्यावर पारा हलेना. गाडी सुरू केली, स्लो शांत बसला. पांझरेच्या पुलापर्यंत चक्कर मारून आलो तर प्लग काळाकुट्ट, म्हणजे आता पेट्रोल जास्त! आता मिस्त्रींनी स्वतः कार्बोरेटर उघडला. पेट्रोलचा उपास भागवायला आधीच्या कुणीतरी मुख्य जेटचं, म्हणजे पेट्रोल येण्याचं, भोक सुईने रुंद करून ठेवलं होतं.