कोयींचे सरपण

आंबा, बोर अशा फळांच्या कोयी व आठळ्या वाळवून त्यांचा जळणासाठी केलेला वापर. खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) हे मुख्य सरपण कधीच नव्हते. चुलीचा भार पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे), तुराट्या (तुरीची वाळलेली झाडे) आणि गोवऱ्यांवर. कोयी त्यांच्या जोडीला, हंगामापुरत्या, आणि बहुतेक वेळा आंघोळीचे पाणी तापवायला.

फळाच्या बीभोवतीचे टणक कवच म्हणजे एका अर्थी घट्ट दाबलेले लाकूडच. त्यात लिग्निनाचे (लाकडाला टणकपणा देणाऱ्या घटकाचे) प्रमाण चांगले असते आणि राख थोडी पडते. चेरी किंवा ऑलिव्हच्या पूर्ण वाळलेल्या बियांचे उष्मांकमूल्य किलोमागे सुमारे ४,५०० किलोकॅलरी, म्हणजे कोरड्या लाकडाच्या तोडीचे भरते. घरगुती गॅसचे ११,००० च्या आसपास. स्पेनच्या अँदालुसिया भागात तेल काढून उरलेल्या ऑलिव्हच्या बिया घरे उबदार ठेवणाऱ्या बॉयलरमध्ये घालतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात चेरीच्या बिया मका जाळण्यासाठी बनवलेल्या शेगड्यांत वापरल्या जातात. या बिया गोल, गुळगुळीत, एकसारख्या. वरच्या टाकीतून दाण्यांसारख्या आपोआप खाली सरकतात. आंब्याची कोय चपटी, केसाळ आणि दर आंब्यागणिक वेगळ्या मापाची. तशा शेगडीत ती अडकणारच, म्हणून आधी फोडून भुगा करावा लागेल. पाणी तापवायच्या, हाताने भरायच्या बंबाला मात्र तिचा आकार आडवा येत नाही.

खानदेशात घर गरम ठेवण्याची चाल नाही आणि उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर गेल्यावर तसा विचारही कोणी करणार नाही. थंडी मात्र लहानसहान नसते. धुळ्यात काही वर्षी किमान तापमान ५-६ अंशांपर्यंत उतरते. अशा सकाळी उबेची गरज भागते ती शेकोटीवर आणि बंबावर. तांब्याच्या बंबात मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी, तळाशी जाळी. सरपण नळीत वरून टाकायचे, राख जाळीतून खाली पडते. कोयींचे खरे काम इथे आहे. पऱ्हाटी लगेच पेटते आणि तितक्याच लगेच संपते. कोय पेटायला कुरकुरते, पण एकदा धरली की निखारा टिकवते. म्हणून आधी गोवरीचा तुकडा, त्यावर मोडलेली पऱ्हाटी, ज्वाळ वर आली की चार-सहा कोयी. उलट्या क्रमाने केले तर नुसता धूर. नळी कोयींनी गच्च भरली तरी तेच, कारण हवेला वाट राहत नाही.

कोयींचा साठा होतो तो आखाजीपासून (अक्षय तृतीया). खापरावरच्या मांड्यांबरोबर आमरस हवाच, आणि रसाच्या प्रत्येक बैठकीनंतर पातेलेभर कोयी उरतात. त्या तशाच टाकल्या तर माशा, मुंग्या आणि आंबूस वास. धुऊन धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) पसरल्या तर वैशाखाचे ऊन वरचा गर आणि केस चटकन वाळवते. फसगत होते ती आतल्या बाठीत, म्हणजे कवचाच्या आतल्या बीत. कवच खडखडीत झाले तरी बाठ ओलसर राहू शकते, आणि अशी कोय विस्तवात फसफसते, धुमसते. हलवून पाहावे: आत बाठ सुटून खुळखुळली तर ती जळणाला तयार. मृगाच्या आत हे उरकले नाही तर बुरशी धरते, आणि मग ती उकिरड्यावरच बरी.

सातपुड्यात, अक्राणी (धडगाव) आणि मोलगी भागात, आमचूर हा उन्हाळ्याचा मोठा उद्योग. कैऱ्या सोलून, फोडी करून उन्हात वाळवतात. कोयी बाजूला पडतात. या कोयी पुरत्या जून झालेल्या नसतात, त्यामुळे वाळल्या की हलक्या होतात आणि भुर्रकन जळून जातात. निखारा हवा असेल तर पिकल्या आंब्याची, त्यातही गावठी आंब्याची जाड कोय घ्यावी. बोराच्या आठळ्या कठीण खऱ्या, पण त्या मूठ-मूठच जमतात. शेकोटीत टाकायला ठीक.

बाठ जाळणे हा तोट्याचा व्यवहार आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत. तिच्यात स्टार्च आणि चरबी असते. ही चरबी चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जागी काही प्रमाणात वापरता येते आणि युरोपीय संघाने २००० सालच्या नियमांत तिला मान्यता दिली आहे. कोयी फोडून बाठ वेगळी काढावी आणि कवच तेवढे जाळावे, हे शहाणपणाचे. घरगुती प्रमाणात एवढा खटाटोप कोण करणार, हा भाग वेगळा. आंब्याचा गर काढणाऱ्या कारखान्यांत, जिथे कोयींचे ढीग लागतात, तिथे तो परवडू शकतो.

पऱ्हाटीच्या तुलनेत कोयींचा एक गुण सहसा कोणी मोजत नाही: त्या साठवल्याने कपाशीची कीड पोसली जात नाही. कपाशी उपटल्यावर पऱ्हाटीचे भारे घरामागे रचून ठेवले की त्यांतल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढच्या हंगामात शेतावर येते. २०१७ साली या अळीने राज्यातील कपाशीचे मोठे नुकसान केले. पऱ्हाटी साठवू नये, हा कृषी खात्याचा सल्ला त्यासाठीच. पण वांग्याचे भरीत पऱ्हाटीच्या जाळावरच भाजायचे, यावर खानदेशात तडजोड नाही, त्यामुळे दोन-चार भारे घरोघरी राहतातच.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर गावांत गॅस जोडण्या वाढल्या. तरी सिलिंडर स्वयंपाकासाठी राखायचा आणि पाणी काडीकचऱ्यावर तापवायचे, हा हिशेब अनेक घरांत टिकून आहे. बंबाखालची राख भांडी घासायला जाते, उरलेली परसातल्या वांगी-मिरचीच्या बुडाशी.