ओढ्यात ओंडके टाकायचे पैसे देतात? सॅमन कन्सल्टिंगची पार्श्वभूमी

सिएटलजवळ रेडमंडला मॉलच्या मागे बेअर क्रीक नावाचा ओढा आहे, आयटीतली आपली बरीच मंडळी जेवण झालं की तिकडे एक चक्कर मारून येतात. बघून वाटतं किती छान नैसर्गिक वळणं आहेत, पण खालचा तो तुकडा माणसांनी मशिन लावून खणलाय. आधी ओढा सरळ खेचून काठाला दगडाचं पिचिंग केलेलं होतं, मग सॅमन माशांसाठी त्याला परत वाकडा केला. असली कामं आखून देणं हाच सॅमन कन्सल्टिंगचा धंदा. कामाआधी पुरातत्त्वाचा सर्व्हे करावाच लागतो, तो करताना 2009 मध्ये तिथे दगडी हत्यारं मिळायला लागली आणि पुढे नीट उत्खनन केल्यावर ती 10,000 वर्षांहून जुनी निघाली. त्यात सॅमनच्या हाडाचा एक तुकडापण होता!

(आपल्याकडे हॉटेलवाले रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला जन्मलेल्या ओढ्यातच परत येतो. आपले चढणीचे मासे डोळ्यासमोर आणा, फक्त प्रवास शेकडो किलोमीटरचा.)

तर ओढ्यात उतरून टेप लावणारे, ओंडके मोजणारे हे कन्सल्टंट लोक आले कुठून? मला आधी वाटायचं निसर्गप्रेमातून आले असतील, पण थोडं वाचल्यावर कळलं की हा धंदा उभा राहिला तो मुख्यतः कायद्याच्या आणि कोर्टाच्या धाकाने.

कायदा तसा पूर्वीपासून होता. वॉशिंग्टन राज्यात 1890 पासून नियम आहे की धरण बांधलं तर माशांना वर जायला वाट ठेवायची. तरी एल्वा नदीवर 1913 मध्ये धरण पूर्ण झालं ते वाट न ठेवताच, वाटेच्या बदल्यात हॅचरी (माशांची पिल्लं तयार करायचं केंद्र) काढली, ती काही वर्षांत बंद पडली, आणि 1927 मध्ये वरच्या अंगाला दुसरं धरण, त्यालाही वाट नाही. समुद्रापासून जेमतेम 8 किलोमीटर नदी माशांना उरली. ही दोन्ही धरणं 2011 ते 2014 मध्ये पाडली, म्हणजे हिशोब करा किती पिढ्या गेल्या.

खरी कलाटणी मिळाली 1974 मध्ये. 1854-55 च्या तहांमध्ये इथल्या मूळ जमातींनी जमिनी दिल्या पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता, आणि तरी राज्य सरकार त्यांनाच जाळ्यासकट पकडत होतं. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर पहिल्यांदा पकडले गेले तेव्हा 14 वर्षांचे होते, आणि पुढे 50 च्या वर वेळा अटक झाली. जज जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की पकडता येण्यासारख्या माशांपैकी अर्धा वाटा जमातींचा आणि माशांचं व्यवस्थापनही दोघांनी मिळून करायचं. 1979 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे मान्य केलं. आता जमातींना स्वतःचे बायोलॉजिस्ट लागले, आणि मासेच उरले नाहीत तर अर्धा वाटा कशाचा, हा प्रश्न उभा राहिला तो वेगळाच.

दुसरीकडे 1970 पासून केंद्राच्या कामांना पर्यावरणाचा अभ्यास सक्तीचा झाला आणि 1973 मध्ये धोक्यातल्या प्रजातींचा कायदा आला. 1992 मध्ये आयडाहोच्या रेडफिश लेकला एकच सॉकाय (सॅमनची एक जात) परत आला, अख्ख्या सीझनमध्ये एक! मग 1999 मध्ये प्युजेट साउंडचा, म्हणजे सिएटलच्या खाडीचा, चिनूक (सॅमनचीच आणखी एक जात) त्या धोक्याच्या यादीत गेला आणि मामला जंगलातून थेट शहरात आला. पूल असो, धक्का असो, केंद्राचं परमिट किंवा पैसा लागला की मत्स्य खात्याशी कन्सल्टेशन करायचं, त्यासाठी रिपोर्ट हवा, आणि तो लिहायला माणसं हवीत. इथून फर्मांना भरभरून कामं मिळाली.

गंमत म्हणजे बरंचसं काम आधीच्या तज्ज्ञांनी केलेलं निस्तरायचं असतं. 1950 ते 70 च्या काळात सरकारी खात्यांनीच ओढ्यांतले पडलेले ओंडके काढून टाकले, का तर माशांची वाट अडते म्हणून. नंतर कळलं की ओंडक्यामुळेच डोह पडतो, गोटे अडकतात, पिल्लांना आडोसा मिळतो. आता तेच ओंडके मुळांसकट विकत आणून कुठे कुठे हेलिकॉप्टरने नदीत सोडतात, आणि इंजिनियर सही करतो की पुरात वाहून जाणार नाहीत!

तसंच रस्त्याखालच्या मोऱ्यांचं. जुनी पाईप मोरी अरुंद असते, त्यात पाणी जोरात धावतं, खालच्या तोंडाला खड्डा पडत जातो आणि पाईप दोन-तीन फूट अधांतरी राहतो, पिल्लू चढणार कसं? जमाती पुन्हा कोर्टात गेल्या, 2013 मध्ये मोऱ्या बदलायचा आदेश आला, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टात 4-4 असा टाय झाला (एक जज बाजूला बसले होते) त्यामुळे खालच्या कोर्टाचा आदेश कायम राहिला, आणि राज्याला बहुतेक मोऱ्या 2030 पर्यंत बदलायच्या आहेत, खर्च अब्जावधी डॉलर. एक हिशोब कन्सल्टंट लोकांना तोंडपाठ असतो: ओढा काठोकाठ भरल्यावर जेवढा रुंद होतो त्याच्या 1.2 पट, अधिक आणखी दोन फूट, एवढी रुंद मोरी हवी. पाण्यातलं काम उन्हाळ्यातल्या ठराविक आठवड्यांतच, आणि त्याआधी जाळी लावून, हलका शॉक देऊन मासे गोळा करून दुसरीकडे सोडायचे, बादल्यांनी.

एवढं करूनही सिएटलच्या लाँगफेलो क्रीकसारख्या ओढ्यांत कोहो जातीचे सॅमन यायचे आणि पाऊस पडला की काही तासांत गरगरत मरायचे, मादीच्या पोटात अंडी तशीच. वर्षानुवर्षं कोणाला कळेना. डिसेंबर 2020 मध्ये संशोधकांनी कारण छापलं: टायर लवकर फाटू नये म्हणून रबरात जे रसायन घालतात त्याची हवेतल्या ओझोनशी रिअॅक्शन होऊन विष बनतं आणि ते रस्त्यावरच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतं. वाळू आणि कंपोस्टच्या थरातून ते पाणी गाळलं तर मासे जगतात, त्यामुळे आता ओंडक्यांच्या नकाशावर रस्त्याकडेच्या गाळणखड्ड्यांचीही ड्रॉइंग्ज यायला लागली आहेत.