‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे नक्की कधी?

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असं ऐकलं की माणूस निर्धास्त होतो. गेल्याच वर्षी येऊन गेला ना, आता पुढचा नातवंडं बघतील! जलशास्त्रज्ञांच्या लेखी मात्र त्याचा अर्थ एवढाच, की असा पूर येण्याची शक्यता दर वर्षी १ टक्का आहे. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. नदीकाठी ३० वर्षं राहणाऱ्याला तो एकदा तरी गाठण्याची शक्यता भरते २६ टक्के. गृहकर्जही बहुधा तेवढीच वर्षं चालतं.

हा १ टक्का येतो जुन्या नोंदींतून. पण बऱ्याच नद्यांच्या नोंदी जेमतेम पन्नास-साठ वर्षांच्या असतात. मग जमिनीलाच विचारावं लागतं. जपानमध्ये सेंदाईच्या मैदानात ८६९ सालच्या जोगान त्सुनामीने आणलेली वाळू आजच्या शेतांखाली, किनाऱ्यापासून बरीच आत, भूवैज्ञानिकांना सापडली होती. त्याच किनाऱ्यावरच्या फुकुशिमा दाईची अणुवीज प्रकल्पाने हिशेबात धरलेली लाट होती ५.७ मीटरची. २००८ मध्ये प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीच्याच अंतर्गत गणिताने १५ मीटरच्या वरचा आकडा दाखवला. तो बाजूला पडला. २०११ मध्ये आलेलं पाणी प्रकल्पावर सुमारे १४-१५ मीटर उंचीपर्यंत चढलं. धोका ओळखणं आणि तो मान्य करणं यांत तीन वर्षं गेली, आणि तेवढ्यात लाट आली.

बरं, लाट किंवा भूकंप हा धोक्याच्या हिशेबाचा एकच भाग झाला. त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि ते किती तकलादू आहे, हे बाकीचे दोन. २०१० च्या जानेवारीत हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि लाखाहून अधिक माणसं गेली. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ चा झाला. त्यातून सुमारे ५०० पट ऊर्जा बाहेर पडली होती, तरी बळी साधारण पाचशेच्या घरात राहिले. हैतीतलं केंद्र राजधानीला खेटून होतं हे खरं, पण सगळा फरक त्याने भरून निघत नाही. चिलीने १९६० चा ९.५ चा भूकंप सोसला होता आणि बांधकामाचे नियम कागदावरच ठेवले नव्हते.

हवामानाच्या धोक्यांत आणखी एक गोची आहे. भूकंपाची जुनी नोंद आजही तितकीच कामाची असते, पावसाची तशी राहत नाही. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून मुसळधार सरी आणखी जोरकस होतात. आजोबांच्या काळातल्या पावसावरून काढलेला १ टक्का आज १ टक्का असेलच असं नाही. म्हणून आता अभ्यासक तापमानवाढीच्या वेगवेगळ्या शक्यता धरून संगणकावर प्रारूपं चालवतात आणि एका आकड्याऐवजी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं उत्तर देतात. पूल बांधणाऱ्या अभियंत्याला ते फारसं रुचत नाही, कारण त्याला पुलाची उंची एकच ठरवायची असते.