शीर्षकरचना, वेबपानांवरील

वेबपानावरच्या मजकुराच्या भागांना शीर्षके देऊन त्यांची उतरंड कोडमध्येच नोंदवण्याची पद्धत. पान डोळ्यांनी न पाहणाऱ्यालाही त्याची मांडणी कळावी आणि हव्या त्या भागावर थेट जाता यावे, हा तिचा हेतू. सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांसह सर्वांना पान वापरता यावे यासाठीच्या, कामात इतका स्वस्त आणि इतका उपयोगी उपाय क्वचितच सापडतो, तरी हेळसांडही याचीच फार होते.

वेबपाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये शीर्षकांसाठी एच१ ते एच६ असे सहा टॅग, म्हणजे मजकुराला लावायच्या खुणा, आहेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत असताना टॅगांची जी पहिली यादी मांडली, तिच्यातही ते होते. टॅगमधला आकडा स्तर सांगतो. एच१ म्हणजे पानाचा विषय, एच२ म्हणजे त्याचे मुख्य भाग, एच३ म्हणजे त्या भागांचे पोटभाग. ब्राउझर मात्र एच१ मोठा आणि एच४ लहान दाखवतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. ज्याला लहान ठळक अक्षरे हवी असतात तो एच४ उचलतो. ज्याला टॅगचे भान नसते तो साध्या परिच्छेदाचीच अक्षरे जाड करून मोकळा होतो. दिसायला दोन्ही पाने ठाकठीक असतात. आकार, रंग, जाडी ही कामे सीएसएसची, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेची. टॅग ठरवताना मजकूर कोणाच्या पोटात येतो एवढेच पाहायचे.

याचा खरा उपयोग कळतो तो स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्यांना. ऑस्ट्रेलियातील मायकल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ची कळ दाबली की पुढचे शीर्षक येते, शिफ्टसह दाबली की मागचे. १ ते ६ हे आकडे दाबून त्या त्या स्तराच्या शीर्षकावर जाता येते. आयफोनवर दोन बोटे पडद्यावर गोल फिरवून त्यातल्या व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरच्या ‘रोटर’मध्ये शीर्षके निवडायची, मग एक बोट वर-खाली सरकवत पुढे-मागे जायचे. अमेरिकेतील वेबएम या संस्थेने २०२३ च्या अखेरीस घेतलेल्या सर्वेक्षणात, लांबलचक पानावर माहिती शोधताना आधी शीर्षकांवरून फिरतो असे ७१.६ टक्के स्क्रीन रीडर वापरकर्त्यांनी सांगितले.

एखाद्या महानगरपालिकेचे मालमत्ता कराचे पान घेऊ. ‘मालमत्ता कर’ हे एच१. ‘कर कसा भरावा’ आणि ‘सवलती’ ही एच२. पहिल्याच्या पोटात ‘ऑनलाइन’ आणि ‘नागरी सुविधा केंद्रात’, दुसऱ्याच्या पोटात ‘माजी सैनिक’ आणि ‘दिव्यांग व्यक्ती’ ही एच३. दिव्यांगांची सवलत शोधणारा २ ही कळ दोनदा आणि ३ ही कळ दोनदा दाबून आपल्या मजकुरावर पोचतो; शीर्षकासोबत त्याचा स्तरही त्याला ऐकू येतो. हीच शीर्षके नुसती ठळक अक्षरे असतील, तर मेनू, सूचना, सरकत्या बातम्या असे सगळे ओळीने ऐकत बसावे लागते.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या सुगम्यता मार्गदर्शिकेत (आवृत्ती २.०, २००८, २.१, २०१८, २.२, २०२३) हा विषय विखुरलेला आहे. दिसणारी रचना कोडमध्येही असावी ही अट निकष १.३.१ मध्ये, म्हणजे सर्वांत प्राथमिक ‘ए’ पातळीवर येते. शीर्षकातून त्या भागाचा विषय कळावा, असे निकष २.४.६ सांगतो. एच२ नंतर एकदम एच४ येणे ही वाईट सवय खरी, पण मार्गदर्शिकेनुसार तेवढ्याने पान नापास होत नाही. अनेक तपासणी अहवालांत तो दोष लाल शाईत असतो आणि ‘अधिक माहिती’ हे एकच शीर्षक पाच ठिकाणी आलेले असते, त्याकडे कोणाचे लक्ष नसते. पहिला दोष यंत्राला सापडतो. दुसऱ्यासाठी माणसाने पान वाचावे लागते.

एचटीएमएल५ या पुढच्या आवृत्तीच्या काळात एक भलतीच कल्पना रुजली. प्रत्येक विभागात खुशाल एच१ वापरा, विभाग किती आत आहे त्यावरून स्तर ब्राउझर ठरवेल, अशी ती होती. सुगम्यतेच्या दृष्टीने कोणत्याही ब्राउझरने ती अमलात आणली नाही आणि २०२२ मध्ये ती मानकातूनच काढली गेली. जुनी पाठ्यपुस्तके मात्र ती अजून शिकवतात.

नेहमी चुकणारी आणखी एक जागा म्हणजे प्रश्नोत्तरांची उघडमिट होणारी यादी. तिथे शीर्षकाच्या आत बटण हवे. उलटे केले, म्हणजे बटणाच्या आत शीर्षक ठेवले, तर स्क्रीन रीडरला फक्त बटण कळते आणि शीर्षकांच्या यादीतून ते प्रश्न गायब होतात.

मराठी पानांच्या काही अडचणी वेगळ्या आहेत. युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संकेतपद्धती रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेले शीर्षक डोळ्यांना मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरे असल्याने ऐकताना निरर्थक वाटते. चित्र म्हणून चिकटवलेल्या मथळ्याला पर्यायी मजकूर (चित्राऐवजी वाचला जाणारा) नसेल तर तोही नसल्यात जमा. मराठी विकिपीडियावर लेखाचे नाव हेच एच१ असते आणि दोन-दोन बरोबरच्या चिन्हांत लिहिलेले ‘इतिहास’, ‘भूगोल’ हे मथळे आपोआप एच२ होतात. घाईत काही संपादक ओळीच्या आरंभी अर्धविराम टाकतात, कारण अक्षरे ठळक होतात. पण त्यातून यादीचा घटक तयार होतो, मथळा नव्हे.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने माहिती-तंत्रज्ञानाची सुगम्यता बंधनकारक केली. शासकीय संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची २०२३ मधील तिसरी आवृत्ती वरील मार्गदर्शिकेच्या २.१ या आवृत्तीवर आधारलेली आहे, त्यामुळे शीर्षकांचे निकष सरकारी पानांना आपोआप लागू होतात. डोळस पण केवळ कळफलकावर काम करणाऱ्यांची सोय मात्र यातून होत नाही. शीर्षकांवरून उड्या मारण्याची सुविधा प्रचलित ब्राउझरांत मुळातच नसल्याने, त्यांना वेगळे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा पूरक प्रोग्राम, बसवावे लागते.