गाडीच्या नंबरातून माजी सैनिकांसाठी निधी

अमेरिकेत गाडीच्या नंबरावर माजी सैनिकांसाठी पैसा उभा करण्याची पद्धत खास नंबरप्लेट्सच्या, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायच्या वेगळ्या चित्राच्या प्लेट्सच्या, बरीच आधीची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स' ही युद्धात जायबंदी झालेल्यांची संघटना मोटारमालकांना टपालाने एक इवलीशी नंबरप्लेट धाडू लागली. किल्लीच्या जुडग्यात अडकवायचा तो बिल्ला होता. त्याच्या एका बाजूला मालकाच्याच गाडीचा नंबर असे आणि दुसऱ्या बाजूला संघटनेचा पत्ता. सोबत देणगीची विनंती असे. किल्ली हरवली तर सापडेल त्याने ती जुडग्यासकट टपालपेटीत टाकायची, संघटना नंबरावरून मालक शोधून ती परत पाठवी. नावे-पत्ते राज्यांच्या वाहननोंदणीतून मिळत आणि बिल्ले बनवण्याच्या कामातून जायबंदी सैनिकांना रोजगार मिळे. कितीतरी राज्ये तेव्हा दरवर्षी नवी प्लेट देत, त्यामुळे बिल्लाही दरवर्षी नवा निघे. १९७० च्या दशकात हे काम थांबले.

पुढचा टप्पा फ्लोरिडाचा. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अंतराळयान कोसळले आणि १९८७ पासून त्याच्या स्मरणार्थ प्लेट विकली जाऊ लागली. नोंदणीशुल्कावर दरवर्षी ठरलेली जादा रक्कम भरायची आणि ती कायद्याने नेमलेल्या कामालाच जायची, हा साचा तिथे रुळला. त्याच राज्याच्या 'फ्लोरिडा सॅल्यूट्स व्हेटरन्स' प्लेटवर १५ डॉलर जादा पडतात. हा पैसा मुख्यतः माजी सैनिकांच्या शुश्रूषागृहांसाठी आहे.

इथे लोकांचा एक घोळ नेहमी होतो. 'पर्पल हार्ट' (युद्धात जखमी झालेल्यांना मिळणारे पदक) किंवा अपंग सैनिकांची प्लेट हा सन्मान आहे. तिला सेवेचा किंवा पदकाचा पुरावा लागतो आणि पुष्कळ ठिकाणी शुल्क माफ असते. निधीची प्लेट सहसा कुणीही घेऊ शकतो. कॅलिफोर्नियाची 'ऑनरिंग व्हेटरन्स' प्लेट घ्यायला सैन्यात असावे लागत नाही. तिचा पैसा माजी सैनिकांचे निवृत्तिवेतनाचे आणि उपचारांचे दावे भरून देणाऱ्या काउंटी (जिल्हा) कार्यालयांना मिळतो. म्हणून प्लेटवरचे चिन्ह पाहून थांबू नये, रक्कम कोणत्या खात्यात जमा होते ते कायद्यात वाचावे.

नव्या प्लेट्स बहुधा अडतात त्या मागणीपाशी. कॅलिफोर्नियात छपाईआधी पैसे भरलेले ७,५०० अर्ज लागतात. फ्लोरिडाने २०२० मध्ये पूर्वनोंदणीची अट ३,००० वर नेली.

चिन्हावरूनही वाद होतात. गृहयुद्धात दक्षिणेकडून लढलेल्यांच्या वंशजांच्या संघटनेने टेक्सासमध्ये कॉन्फेडरेट (त्या फुटून निघालेल्या, गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणी राज्यांच्या) झेंड्याची प्लेट मागितली. नोव्हेंबर २०११ मध्ये राज्याच्या वाहन खात्याच्या मंडळाने ती एकमताने फेटाळली. १८ जून २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो नकार उचलून धरला : प्लेटवरचा मजकूर हे सरकारचे बोलणे आहे, तेव्हा काय छापायचे ते राज्य ठरवेल. मंडळाच्या त्याच बैठकीत कृष्णवर्णीय घोडदळाच्या 'बफेलो सोल्जर्स'ची प्लेट मात्र ५ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाली होती.